डेंगळे

५ जुलै

कामात असलेल्या माणसाच्या तोंडासमोर फोन धरतं का कोणी? काल भर उन्हात सगळा वाफा उपसला मी, कंबरेचा पार भुगा झालेला, आणि नात मागे मागे — आजी, इकडे बघ! आजी, कांदा वर धर! आजी, जरा हस ना! कांदा हातात धरून हसायला मी काय दंतमंजन विकते?

घरात मी तिला भिंगरी म्हणते. एका जागी ठरेल तर शपथ. जिथे नोकरी होती त्या ऑफिसला कुलूप लागलं, तेव्हापासून पोरगी घरी. बाप दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करत फिरतो, आई लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी, आणि ही फोनमध्ये डोकं घालून. आता म्हणे मोठं काम हाती घेतलंय — माझ्या कांद्यांचा व्हिडिओ! बियांपासून केलेला, इथली जमीन गोठवणारी सगळी थंडी वाफ्यात काढणारा कांदा. लोकांना म्हणे ह्याचं फार अप्रूप. सगळे तयार रोपं विकत आणतात. आणू देत. मला काय?

प्रश्न तरी किती! बी किती खोल? किती अंतरावर? पाणी कधी तोडायचं? बी कधी टाकायचं? नीट सांग आजी, मोघम नको. दिली सगळी उत्तरं आणि सुटले एकदाची. कांदे पडवीत पसरले आहेत. माना वाळल्या की वेण्या घालायच्या. त्यालाही फोन घेऊन आली तर वेणीनेच बडवीन.

९ जुलै

व्हिडिओ लोकांत सोडला. सून म्हणाली, "आई, बघा तरी. छान दिसताय." नाही बघणार. मी कशी दिसते ते आरसा रोज सांगतो, त्याच्यावर आणखी साक्षीदार नकोत. आणि आवाज! मागे एकदा ऐकला होता फोनमध्ये. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. घरातले कसे ऐकून घेतात देव जाणे. घेत नाहीतच म्हणा.

२० जुलै

औषधाच्या दुकानात एका बाईने हात धरला. "तुम्ही त्या कांदेवाल्या आजी ना?" कांदेवाली! जन्मभर काय कमी नावं ठेवली होती लोकांनी! पण उभी राहिले. तिने विचारलं, मी सांगितलं. मागचा माणूस पुढे सरकून ऐकायला लागला. औषधवालासुद्धा गोळ्या मोजायचा थांबला.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. बरं वाटलं. ह्या घरात मला विचारतात ते एवढंच — गोळी घेतली का, दार लावलं का, गॅस बंद केला का. पडदे बदलले तरी मला खिडकीला दिसल्यावर कळतं. कांद्यासाठी मात्र माझं तोंड बघावं लागतं. तिथे माझा शब्द शेवटचा. तेवढं एक माझं आहे.

२७ ऑगस्ट

आज पहाटे पायांना गार लागलं. झोपेतच चादर ओढून घेतली. म्हणजे वेळ झाली. चहा झाल्यावर बी टाकलं.

माती आधीच चाळून ठेवली होती. फळीच्या कडेने रेघा मारल्या, चिमटीने बी सोडलं, बोटाच्या पेराएवढी पण माती वर नको — अर्ध्या पेराची. मग फळी पालथी घालून दाबलं. बी ह्याच वर्षीचं. कांद्याचं जुनं बी म्हणजे मढं, कितीही पाणी घाला, उठत नाही.

भिंगरी दारात येऊन उभी. "आजी, तू आज टाकतेयस?"

"मग काय पुढच्या जन्मी टाकू?"

"नाही... दरवर्षी आत्ताच टाकतेस?"

"टाकायचं तेव्हाच टाकते!" म्हटलं. तोंड उघडं ठेवून बघत बसली माझ्याकडे. फोनही काढला नाही खिशातून. मग आत गेली ती दिवसभर दिसली नाही. चांगलंच झालं. कामाच्या वेळी पायात मांजर नको.

६ सप्टेंबर

उगवले! कांदा इतर रोपांसारखा ताठ येत नाही. पाठ मोडून येतो, डोकं मातीतच अडकलेलं. मग हळूच डोकं सोडवतो. हात लावायचा नाही. आज शेजारणीचं मांजर वाफ्यावर बसलं होतं. खराटा फेकला. मांजर वाचलं, खराट्याचा दांडा मोडला.

११ ऑक्टोबर

रोपं उपटून वाफ्यात लावली. पेन्सिलीएवढी झाली होती, थोडी बारीकच. तशीच हवीत. काडीसारखी असली तर थंडीत मरतात. अंगठ्यासारखी झाली तर थंडी काढतात, पण त्यांना वाटतं आपलं वय झालं. वसंतात दांडा फेकतात, वर बोंड, बोंडात फूल. ते डेंगळे. डेंगळे आलेला कांदा खाली पोसत नाही आणि टिकतही नाही. हे माझ्या सासूने मला पाठीत धपाटा घालून शिकवलं.

लावत होते तर भिंतीवरून शेजारीण. हिला मी चौकशीबाई म्हणते, तोंडावर नाही. कोणाकडे काय शिजतंय, कोणाचं कोणाशी फाटलंय, सगळं हिच्या पदरात बांधलेलं.

"काकू, माझी बघा! तुमच्यापेक्षा जाड झाली!"

बघितली. अंगठ्याएवढी!! म्हटलं, "अगं बाई, कधी टाकलं होतंस हे?"

"जुलैच्या शेवटी. तुम्हीच सांगितलं ना व्हिडिओत."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्याच तोंडचं आहे, काकू."

माझ्या तोंडात माझी जीभ आहे, हिची नाही! असली तारीख मी सांगेन? जुलैत मी स्वतः कधी बी टाकलं? म्हटलं, "तू नेहमीसारखं अर्धं ऐकलंस." तर म्हणाली, "सगळ्यांनीच अर्धं ऐकलं वाटतं, माझ्या भावजयीचीही अशीच झाली आहेत." आणि भिंतीपलीकडे बुडी मारली.

तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेली रोपं तशीच रागात खुपसली.

१२ ऑक्टोबर

भिंगरीला धरलं. जेवताना, सगळ्यांसमोर. "व्हिडिओत तू काय ठिगळ लावलंस? जुलैच्या शेवटी असं मी म्हणाले?"

तिने बापाकडे बघितलं. मग ताटाकडे. मग म्हणाली, "कापाकापी करताना घोळ झाला असेल, आजी. माझ्याकडून. दोन वाक्यं एकाला एक जोडली गेली असतील."

"असतील? गेली असतील?"

"गेली. माझी चूक."

चूक! किती सहज! माझं नाव लावून, माझं तोंड दाखवून, लोकांच्या वाफ्यात हिने विष पेरलं आणि वर "माझी चूक" म्हणून भात कालवते! मुलगा म्हणाला, "आई, आता जाऊ दे." हा तर तिचा वकील जन्मापासून.

१३ ऑक्टोबर

आज तिने तो व्हिडिओच काढून टाकला. आता कोणाला दिसणार नाही म्हणे. पुरावा पुसला! चोराने चोरीच्या घरातले पायाचे ठसे पुसावेत तसा. लोकांसाठी चार ओळी लिहिल्या आहेत — तारीख चुकीची गेली, दोष माझा, आजीचा नाही. सुनेने वाचून दाखवलं. म्हटलं, दोष आजीचा नाही हे लिहायला लागतं का?

२ नोव्हेंबर

रोपांनी मुळं धरली. बोलायला घरात तेवढीच आहेत.

१४ डिसेंबर

तण काढलं. चौकशीबाईच्या वाफ्यात रोपं अशी माजलीत, जसं काही लग्नाला निघालीत. रोज भिंतीवरून टोमणा — "तुमची थंडीने आखडली का हो, काकू?" बोल बाई. वसंत लांब नाही.

१९ जानेवारी

रात्री जमीन गोठते, दुपारी सुटते. त्यात माती फुगते आणि रोपं वर ढकलली जातात, मुळं उघडी. मुलाचे जुने बूट घालून गेले आणि एकेक रोप टाचेने दाबलं. परत आले तर बोटांना संवेदना नाही. भिंगरी चुलीपाशी — म्हणजे गॅसपाशी — फोन घेऊन टाइप करत होती. उठली, माझे हात धरायला गेली. मी हात काढून घेतले. ज्या हातांची अब्रू घालवली ते कशाला धरायचे?

८ फेब्रुवारी

सून म्हणते, "आई, तिच्याशी नीट बोला. लोक फार वाईट लिहितात तिला." काय लिहितात? म्हाताऱ्या बाईच्या नावावर मिरवते. खोटारडी. आजीला फसवलं. सून म्हणते, ही एकेकाला बसून उत्तर देते. कोणाला सांगते पात कापून खा, कोणाला सांगते मधली थोडी उपटून बघा. आणि प्रत्येकाची माफी मागते.

मागू दे. लिहिणारे खरं तेच लिहितात.

पण उत्तरं बरोबर देते. पात कापायचं मी तिला कधी सांगितलं? वाफ्यापाशी उभी असते तेव्हा कान उघडे असतात वाटतं. मग व्हिडिओच्या वेळी कुठे गहाण टाकले होते?

४ एप्रिल

चौकशीबाईच्या वाफ्यात डेंगळे! एकूण एक रोप दांडा फेकून उभं, वर ढोलाच्या काठीसारखं बोंड. माझ्या वाफ्यात? एकही नाही. पाती आडव्या व्हायला अजून वेळ आहे, पण बुडाशी कांदा फुगायला लागलाय.

भिंतीपाशी गेले. म्हणायचं होतं, बघ! तर ती हातात एक डेंगळा घेऊन नुसती उभी होती. मला बघून म्हणाली, "काकू, मी तुमचंच ऐकलं हो." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

१८ एप्रिल

गेटवर एक माणूस. रुमालात गुंडाळलेला डेंगळा. निवृत्त बस ड्रायव्हर, कुठल्या कुठे राहतो, पत्ता विचारत विचारत दोन बस बदलून आला. बस ड्रायव्हरला बसने यावं लागलं ह्याचा त्याला वेगळा राग!

"मावशी, हे काय आहे?"

"फूल आहे. कधी बघितलं नाही?"

"बघितलं. पण मी कांदे लावले होते."

आत घेतलं, चहा दिला. त्याची बायको अंथरुणात असते. खिडकीतून तिला तो वाफा दिसतो, म्हणून तिच्यासाठी केला. आता ती म्हणते किती छान फुलं आली, आणि ह्याला समजत नाही हो म्हणावं की नाही. "तुमच्यावर भरवसा ठेवला, मावशी. तुम्ही ठासून सांगत होता."

म्हटलं, "मी नाही सांगितलं. नातीने माझं बोलणं तोडून जोडलं. विचारा तिला."

"विचारलं. ती म्हणाली चूक तिची आहे. मला चांगलं उत्तर दिलं तिने, खोटं नाही सांगत. मला पोरीचा राग नाही. मी आलो ते तुमच्या तोंडून ऐकायला."

"ऐकलंत ना आता? तिने कबूल केलंय!"

हो म्हणाला. पण चहा अर्धा ठेवला.

जाताना सांगितलं — डेंगळे आलेले आधी उपटा, लगेच खाऊन संपवा, मधला कडक दांडा काढून टाका, बाकीचा कांदा वाईट नसतो. बायकोसाठी दोन-चार फुलं राहू द्या. निमूट ऐकून घेतलं. गेट लावताना माझ्या वाफ्याकडे असा बघत होता की मी पडदा ओढून घेतला.

१९ एप्रिल

बोलले. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, लोक आता घरापर्यंत यायला लागले. माझ्याच गेटवर उभं राहून मला विचारतात. माझ्याकडे एक गोष्ट होती, एकच, ती तू मातीत घातलीस. नोकरी सांभाळता आली नाही, निदान म्हातारीचं नाव तरी सांभाळायचं!

सून रडायला लागली. मुलगा उठून उभा राहिला, "आई, पुरे!" माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्याने. भिंगरी मात्र म्हणाली, "बाबा, बसा. तिला बोलू द्या."

ही मला परवानगी देणार बोलायची!

२२ एप्रिल

भिंगरी गेली. पावाच्या बेकरीत काम मिळालंय, तिथल्याच एका मुलीच्या खोलीत राहणार. भल्या पहाटेची पाळी. जाताना वाफ्यापाशी थांबली, वाकली, एक गोगलगाय उचलून भिंतीपलीकडे टाकली. "येते आजी." मी पाठ फिरवून कपडे वाळत घालत होते.

३ मे

घरात कोणी बोलत नाही. बशा बोलतात. सून बशी अशी ठेवते की मला कळावं.

१० मे

औषधाच्या दुकानातली ती बाई आज रस्त्यात पुन्हा दिसली. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मुद्दाम. गाडीखाली येता येता वाचली, पण गेलीच. रस्त्यात उभं राहून ओरडणार होते — मी नाही, बाई! मी नाही सांगितलं!

कोणाकोणाला सांगत फिरू?

१५ मे

आता निकाल लावायचा. आज चौकशीबाईने भिंतीवरून सांगितलं, तो व्हिडिओ तिच्या फोनमध्ये आहे. काढून टाकायच्या आधीच उतरवून घेतला होता! हिच्याकडे सगळ्यांचं सगळं असतं. पहिल्यांदा ह्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

म्हटलं, आण. असा एकटीने नाही बघायचा. पंचांसमोर. बस ड्रायव्हर नंबर देऊन गेला होता, त्याला फोन लावला, या म्हटलं. मुलाला सांगितलं, परवा दुपारी कुठला नळ फुटला तरी फुटू दे, घरात बसायचं. सुनेलाही. जिथे कापलंय, जोडलंय, ती जागा सगळ्यांना दाखवते. माझं बोलणं मला कळणार नाही?

मुलगा म्हणाला, "आई, नको. उगाच कशाला उकरतेस?"

घाबरला! लेकीचं पितळ उघडं पडेल म्हणून घाबरला.

"उकरणार," म्हटलं. "आणि तू माझ्या शेजारी बसून ऐकणार."

१७ मे, सकाळी

स्वयंपाकघरात खुर्च्या मांडल्या. एक स्टूल कमी पडलं, पडवीतलं आणलं. चांगलं पातळ नेसले. चौकशीबाई भिंतीवरून दोनदा विचारून गेली, वेळ झाली का. फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवायचा म्हणजे सगळ्यांना दिसेल. आवाज मोठा करायला सांगितलाय.

१७ मे

लावला. मीच ओरडतेय — "तारीख हवी? जुलैच्या शेवटी टाका! डोळे झाकून टाका, मी सांगते!" कुठे कापलेलं नाही, जोडलेलं नाही. पुढे मागे माझंच तोंड. तारीख मला कधीच ठाऊक नव्हती. ठाऊक नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून फेकली.

मुलाला माहीत होतं. सुनेला माहीत होतं! सून म्हणाली, "तिनेच सांगू नका म्हटलं, आई. म्हणाली, आजीला चूक दाखवण्यापेक्षा लोकांच्या शिव्या परवडल्या."

परवडल्या!

ड्रायव्हर खाली मान घालून बसलेला. त्याच्यासमोरच चौकशीबाईला म्हटलं, फोन धर माझ्यासमोर. तारीख मी फेकली, पोरीने माझा दोष अंगावर घेतला, सगळं बोलले. हे आज लोकांत जायचं, एक अक्षर न कापता, खाली आमच्या घराचा पत्ता लिहून. आणि मुलाने उठायचं, बेकरीत जायचं आणि पोरीला सांगायचं — घरी यायचं की नाही ते तिचं तिने बघावं, पण कांद्याबद्दल ह्यापुढे कोणी काहीही विचारलं, काहीही बोललं, तर तिने तोंड उघडायचं नाही. उत्तर मी देणार.